बारावा चिमटा

मी पावाची गाडी बोलतेय. अंगावरचं पावाचं चित्र कधीच गेलं, पण उन्हात जरा तापले की अजून आतून भाजक्या पावाचा वास सुटतो. काकू म्हणतात, वास नाही, भास आहे. असेल बाई. या वयात दोन्ही सारखेच.

माझा जन्म कारखान्यातला, पण त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते बेकरीचं मागचं दार. सकाळी पोटात पावाचे ट्रे भरायचे आणि दुकानोदुकानी वाटत सुटायचं. बारा-तेरा वर्षं हेच केलं. गाव पाहिलं का म्हणाल, तर पाहिलं, पण दुकानांच्या मागच्या बाजूनं. मग बेकरी बंद पडली आणि मला एका भिंतीशी उभं करून सगळे विसरून गेले. चाकं बसली, आरशात कोळ्यानं संसार थाटला.

तिथून मला शिंपीकाकांनी आणलं. गल्लीत सगळे त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणतात, म्हणून मीही म्हणते. काकांचं आयुष्य मशीनवर वाकून गेलं होतं आणि काकूंचं दवाखान्याच्या धुलाईखान्यात, चादरी पिळण्यात. दोघांनी कामं सोडली, तेव्हा काका म्हणाले, "अगं, जग मी शिवलेले कपडे घालून फिरून आलं. आपण कधी निघायचं?"

हॉटेलात उतरण्याची ऐपत नव्हती, म्हणून मलाच घर केलं. पावाच्या फळ्यांचा पलंग झाला, पडद्यांना दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडांचे तुकडे. एका खिडकीला फुलं, दुसरीला चौकडी. मला तर लग्नात सजवल्यासारखं वाटलं. समोरची शेजारीण रोज डोकवायची. एकदा म्हणाली, "बाई गं, यात झोपणार? आणि पाय कुठे ठेवणार?"

काका म्हणाले, "पाय खिडकीतून बाहेर काढायचे. लोकांना वाटेल, मोजे वाळत घातलेत."

अशी आमची भटकंती सुरू झाली. तळ्याकाठी, टेकडीच्या पायथ्याशी, जिथे थांबायला मनाई नाही अशा जागी आम्ही मुक्काम करायचो. आसपास घर दिसलं की काका आधी जाऊन विचारून यायचे. मला कधी गवतावर उभं केलं नाही, टणक जमिनीवरच. जाळ पेटवायचा नाही. भांड्यांचं खरकटं पाणी कॅनमध्ये, बाकीचं झाकणाच्या बादलीत, आणि दोन्ही पुढच्या गावातल्या संडासात. दोन दिवसांच्या वर एका जागी राहायचं नाही. निघताना काका हातात झाडू घेऊन माझ्या चाकांच्या खुणासुद्धा पुसायचे! काकू डोक्याला हात लावायच्या. "अहो, चोरी करून चाललोय का आपण?"

"आलो होतो हे कुणाला कळता कामा नये," काका म्हणायचे.

एकदा एका तळ्याचा राखणदार त्यांना म्हणाला, "तुम्ही काल इथे होतात? मला वाटलं, कुणी आलंच नाही." काकांना इतका आनंद झाला, की वाटेत तीनदा तेच सांगितलं. ऐकायला काकू आणि मी दोघीच होतो.

आणि मग ते चिमटे. कपडे वाळत घालायचे बारा लाकडी चिमटे होते, प्रत्येकाला काकांनी लाल दोरा गुंडाळलेला, म्हणजे गवतात पडला तरी दिसावा. निघायच्या आधी काका ते एकेक करून डब्यात टाकत आणि म्हणत, "बारा. मागे काही नाही. चला." तो 'चला' ऐकल्याशिवाय मी सुरूच व्हायची नाही, असं समजा.

एके दिवशी त्याच तळ्याकाठी अचानक वारा सुटला. धुळीचा लोट आला. दोघांनी हाताला लागतील तसे कपडे ओढले, दोरी गुंडाळली आणि मला हाणलं. तासाभरानं पेट्रोल पंपावर काकांनी डबा उघडला.

"अकराच आहेत."

"राहू द्या हो. एका चिमट्यानं काय होतंय?"

"वाऱ्यानं पाण्यात गेला असेल तर? त्याला लोखंडाची तार आहे. उद्या एखादं बदक गिळेल."

"बदकाला तुमच्याहून जास्त अक्कल असते," काकू म्हणाल्या, पण गाडीत बसल्या. आम्ही मागे फिरलो.

आता माझ्या मनातलं सांगते. तो चिमटा तळ्याकाठी नव्हताच. सकाळी तांदळाची पिशवी फुटली, तेव्हा काकूंनी घाईत त्याच चिमट्यानं तिचं तोंड आवळलं होतं आणि पिशवी माझ्या कपाटात मागे ढकलली होती. मला माहीत होतं. सगळी वाट तो माझ्या पोटात होता. मला हॉर्न आहे, पण दाबणारा हात लागतो.

काका भर दुपारी गवत चाळत होते. काकू पाण्याच्या कडेनं. मग काका येऊन माझ्या पुढच्या चाकाला टेकून बसले. "जरा बसतो," म्हणाले, माझ्याखेरीज ऐकायला कुणी नव्हतं. त्यांची पाठ मला लागत होती. शर्ट घामानं ओला होता. तिकडून काकूंनी हाक मारली, "सापडला का हो?" उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्या धावत होत्या.

दुसऱ्या दिवशी मला काकूंच्या जावयांनी घरी आणलं आणि गल्लीत, खिडकीखाली उभं केलं. दोन वर्षं झाली. माझ्याखाली गवत उगवलं, मांजर व्यालं, शेजारणीचं डोकावणं थांबलं. काकू अधूनमधून यायच्या, काकांच्या जागेवर बसून स्टिअरिंग पुसायच्या आणि जायच्या. मागचं कपाट त्यांनी कधी उघडलं नाही. मला आपलं बरं वाटायचं. म्हटलं, हे गुपित माझ्याच पोटात राहू दे. कळलं तर ही बाई कोसळेल.

परवा मला घेणारं एक तरुण जोडपं ठरलं, म्हणून लेक साफसफाईला आली. काकू बाहेर काच पुसत होत्या. लेकीनं कपाट उघडलं, किडे पडलेली पिशवी ओढली आणि लाल दोऱ्याचा चिमटा पाहून जागच्या जागी थिजली. हळूच तो मुठीत लपवला.

"काय सापडलं गं?" काकूंनी बाहेरून विचारलं.

"काही नाही, आई. जुने तांदूळ."

काच पुसायचा आवाज थांबला. "चिमटा ना?"

लेक मूठ तशीच धरून दाराशी आली.

"मला तिथेच आठवलं होतं," काकू म्हणाल्या. "बाबांचं डोकं मांडीवर होतं, तेव्हाच. मीच लावला होता."

"मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, आई, तुझा काय दोष. मला ते ऐकायचं नव्हतं."

लेकीनं मग तसं काही म्हटलं नाही. नुसता चिमटा आईच्या हातावर ठेवला. काकूंनी डबा मागवला, पायरीवर बसून एकेक चिमटा आत टाकला. शेवटचा टाकला आणि म्हणाल्या, "बारा. मागे काही नाही."

'चला' मात्र त्यांना म्हणवलं नाही.

आज मी निघाले. माझ्या नव्या मालकांनो, मला हवं तिथे न्या, पण तुमच्या आधी होती तशी जागा मागे ठेवा. खरकटं पाणी ओढ्यात सोडू नका, जाळ करू नका, आणि चिमटे मोजा. डबा तुमच्यासाठीच ठेवलाय काकूंनी. फक्त एखादा कमी भरला, तर मागे फिरण्याआधी माझी कपाटं उघडून बघा. तेवढं माझ्यासाठी करा.

गल्लीच्या वळणावर मी आरशात पाहिलं. जिथे मी दोन वर्षं उभी होते, तिथे मातीत माझ्या चाकांच्या चार खोल खुणा पडल्यात. काकू झाडू घेऊन आल्या होत्या. वाकल्या. मग तशाच सरळ झाल्या, झाडू भिंतीला टेकवून ठेवला, आणि त्या खुणा ओलांडून, पाय न लावता, घरात गेल्या.