शिकवलेल्या घोड्यासारखे ब्रेक

"बायके, हात उचला. मेंढा ओरडून ओरडून थकलाय," बातमा म्हणाली.

इकडे वयाने मोठ्या पुरुषाला बायके, म्हणजे दादा, म्हणतात. रिस्पायचे हात कोटाच्या खिशातच राहिले.

अंगणात पांढरी बोरान गाडी धुऊनपुसून उभी होती. पुढच्या चाकापाशी पाय बांधलेला मेंढा. रिवाज सुसामिर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: वडीलधाऱ्याने तळहात उघडून बाता द्यायचा, म्हणजे गाडीला आणि धन्याला आशीर्वाद द्यायचा. मग मेंढा कापायचा, रक्ताचं बोट चाकांना लावायचं आणि गाडी नव्या धन्याची. आज अंगणात वडीलधारा रिस्पायच. बिश्केकच्या साप्ताहिकात अठरा वर्षं गाड्यांचं पान लिहिणारा. त्याला बोलावलं होतं ते गाडी विकणाऱ्या सागीनने, रिस्पायच्याच बायकोच्या धाकट्या भावाने. घेणारी बातमा, गावच्या दवाखान्यातली नर्स.

आणि अर्ध्या तासापूर्वी याच सागीनने स्वयंपाकघरात चहा ओतता ओतता बहिणीच्या नवऱ्याला हळूच सांगितलं होतं, "जेझदे, घाटात मी दोनदा थांबतो. चाकांवर बर्फ टाकतो. पॅसेंजरांना वाटतं, सिगारेट ओढायला थांबलाय."

"तीन वर्षं?"

"पहिल्या हिवाळ्यापासून. ब्रेक तापले की पायाखाली काही लागतच नाही."

"अरे मग मी विचारलं तेव्हा म्हणालास, शुकुर, देवाची कृपा, झकास गाडी!"

"मग काय म्हणू? बाता घेतलेली गाडी, चाकांना रक्त लागलेलं. तिला नावं ठेवायची म्हणजे आशीर्वादावर थुंकायचं. कोण ठेवतं नावं? तुम्हीच सांगा."

कोणीच ठेवत नाही. रिस्पायला हे कळलं ते तिथेच. अठरा वर्षं तो गाड्यांच्या बाजारात मालकांना विचारत आला होता आणि मालक अठरा वर्षं 'शुकुर' म्हणत आले होते. त्या शुकुराला तो मत समजत होता. स्वतः इथलाच, स्वतःच्या गाडीच्या चाकांना रक्त लावलेला, तरी हे त्याच्या डोक्यात आलं नाही. की आलं होतं आणि सोयीचं नव्हतं?

कारण त्याने स्वतः घेतलेली बोरानची परीक्षा ती काय होती! विक्रेत्याने अर्धा दिवस दिलेली कोरी गाडी, शेजारी विक्रेत्याचा माणूस, सरोवराकडे जाणारा सपाट रस्ता, वाटेत फुकटच्या, खिमा भरलेल्या मांत्या. एका उतारावर जळका वास आला होता. तो माणूस म्हणाला, "नवीन आहे, येतोच." मांत्या गरम होत्या. रिस्पायने वास गिळला आणि कौतुक लिहिलं.

पुढे तलासहून दुयशोन नावाच्या गुरांच्या डॉक्टरची दोन पत्रं आली. घाटात बोरानचे ब्रेक जातात, कृपया छापा. रिस्पायला वाटलं, बाकी सगळे मालक शुकुर म्हणतात, हा एकटाच रडतोय. त्याने छापलं ते फक्त आपलं उत्तर: 'डॉक्टरसाहेब, गाडीला गिअरही असतात, गाईला नसतात.' वाचक खूप हसले. शरद ऋतूत तिसरा लिफाफा आला, डॉक्टरच्या मुलीचा. आत पत्र नव्हतं. तो विनोद कापून, घडी घालून ठेवला होता. रिस्पायने चौकशी केली. डॉक्टरसकट गाडी दरीत सापडली होती. गिअर दुसऱ्यावर होता.

"बायके?" बातमाने पुन्हा हाक मारली.

"मेंढा सोड," रिस्पाय म्हणाला. "ही गाडी घेऊ नकोस."

सागीनचा चेहरा पडला. "जेझदे, काय बोलताय!"

"घाटात हिचे ब्रेक जातात."

बातमा हसली. "थट्टा करताय होय? पाठ आहे मला तुमचं. 'उतारावर या गाडीचे ब्रेक शिकवलेल्या घोड्यासारखे ऐकतात.' त्या एका वाक्यावर मी दोन घोड्या विकल्या."

"ते खोटं लिहिलं मी. घाटात नेलीच नव्हती."

तिचं हसू ओठांवरच वाळलं. "शेवटचं घोड्यावर कधी बसला होतात?"

"लहानपणी."

"मग घोडा कशाला घातलात त्यात?" तिने वळून सागीनकडे पाहिलं. "आणि तू रे? तू तर रोज चालवतोस!"

सागीन जमिनीकडे बघत पुटपुटला, "एजे, ताई, मला कधी काही झालं नाही."

"तुला नाही झालं. दुसऱ्या कुणाला?"

रिस्पायने डॉक्टरचं सांगितलं. पत्रं, विनोद, लिफाफा, सगळं.

"शरदात कळलं तुम्हाला," बातमा सावकाश म्हणाली. "आता वसंत आलाय. मधे किती जणांनी घेतली ही गाडी?"

"माहीत नाही."

"मोठेपणा करायला माझंच अंगण सापडलं का?" सागीन एकदम उसळला. "पेपरात तोंड शिवलं होतं का तुमचं?"

खरंच होतं ते.

बातमाने मेंढ्याचे पाय सोडले. मग तिने दवाखान्याच्या पिशवीतून जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी काढली, हातभर फाडली आणि सागीनपुढे पेन धरलं. "कुठे कुठे थांबतोस? लिही. वळणं, मिनिटं, सगळं."

"म्हणजे घेतेस तू?"

"घोड्या काल गेल्या. आठवड्यात गावातल्या दोघी बाळंत व्हायच्यात आणि दवाखान्याची गाडी विटांवर उभी आहे. शहरातल्या इस्पितळात चालत नेऊ त्यांना? तुझ्या तोंडून तीन वर्षांत पहिल्यांदा खरं निघतंय, तेवढं तरी दे."

सागीनने लिहिलं. चार ओळी झाल्या. तिने पट्टी स्टिअरिंगच्या वर चिकटवली. "बायके, बसा. शहरात जायला घाटाशिवाय रस्ता नाही."

घाटमाथ्यावरच्या बोगद्यापलीकडे उतार सुरू झाला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. बातमा पट्टीकडे बघे, रस्त्याकडे बघे. तिसऱ्या वळणावर तोच जळका वास आला. तिने गाडी कडेला घेतली. दोघं उतरले. रिस्पायने उघड्या हातांनी बर्फ उचलून चाकावर दाबला. त्याची चर्र करून वाफ झाली.

"हे लिहिणार?" तिने विचारलं.

"छापतील असं वाटत नाही. विक्रेत्याची जाहिरात असते पानावर."

"मी छापण्याचं विचारलं नाही."

"लिहीन."

"मग आधी त्या डॉक्टरच्या मुलीला लिहा."

त्याने मान हलवली. बोटं बधिर झाली होती, तरी तो ओंजळी टाकत राहिला. बातमा चाकाशी उकिडवी बसली, तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा चाकाजवळ हात धरला आणि दुसऱ्या मनगटावरच्या घड्याळात पट्टीवरची मिनिटं मोजली.

"अजून नाही," ती म्हणाली.