दोन सारख्या बरण्या आणि कस्तुराची गोम

मित्रांनो, ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे, वर तपकिरी, खाली पांढरी. ताईबाई आजींनी मला धुळ्याच्या बाजारातून आणले, तेव्हा धरणगावपर्यंत एसटीत मांडीवरून खाली ठेवले नव्हते. पुढे वीस वर्षे मी कैरीचे लोणचे सांभाळले. त्याची वाखाणणी गल्लीभर होई. पण एका दिवाळीत माझे झाकण फुटले. आजींनी माझ्यासारखीच दुसरी बरणी आणली आणि मी गोठ्यात, दोरखंडांच्या ढिगामागे जाऊन बसले. चार वर्षे मला कोणी हात लावला नाही.

आजींची नात कस्तुरा तेव्हा दहा वर्षांची होती. घरचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी झुलाल, याला ती नाना म्हणे. एके दिवशी नानांनी विहिरीजवळची वीट उचलली, तर खाली एक गोम अंड्यांना वेटोळे घालून बसलेली. ऊन पडले तरी ती अंडी सोडून पळाली नाही. कस्तुरा बघतच राहिली. तिला गोम पाळायची होती.

नाना आधी हसले. म्हणाले, लोक पोपट पाळतात, ही गोम पाळणार. मग मात्र त्यांनी नीट शिकवले. अंडेवाली घ्यायची नाही. बोटभर जाडीची घोणही नाही, तिचा दंश माणसाला रडवतो. लहान, चपळ, सगळे पाय आणि दोन्ही मिशा शाबूत असलेली घ्यायची. हात कधीच लावायचा नाही. तीन दिवस कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या गंजीखाली शोधून कस्तुराने एक निवडली, खराट्याच्या काडीने हळूच माझ्यात ढकलली आणि तिचे नाव ठेवले मालगाडी.

माझ्या पोटात ओलसर माती आली, कौलाचा तुकडा आला, आठवड्याला एक झुरळ येऊ लागले. माझ्या गुळगुळीत अंगावरून गोमीला वर चढता येत नव्हते. तरी आजींनी शिकवला होता तसाच दुहेरी फडक्याचा दादरा कस्तुराने माझ्या तोंडाला बांधला, तशीच गाठ मारून. घरात मात्र कोणाला सांगितले नाही. आई फेकून देईल ही भीती.

चैत्र सरत आला. गोठ्यात माती दुपारपर्यंत खडखडीत वाळू लागली. मालगाडी मलूल झाली, तेव्हा कस्तुराने मला माजघरात माठाशेजारच्या गारव्याला आणून ठेवले. तिथेच लोणच्याची बरणी होती. दादरा सारखा, गाठ सारखी.

आखाजीला जामनेरहून सुमनबाई आत्या माहेरी आल्या. दुपारी पाने मांडली. लेकीला लोणचे वाढायला आजी स्वतः उठल्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्या हातानेच सारे ओळखत. त्यांची बोटे आधी माझ्यावर आली. गाठ ओळखीची लागली. वासही ओळखीचा, कारण वीस वर्षांचे लोणचे माझ्या अंगात मुरले होते.

दादरा सुटला. झाकण लागले नाही, तशा आजी सुनेच्या नावाने पुटपुटल्या. मग लाकडी पळी आत आली.

मित्रांनो, बरणीला तोंड असते, पण ओरडता येत नाही.

मालगाडी पळीवर चढली. मला तिचे पाय सरकताना कळत होते. दांडा संपला, आजींचा हात लागला. कस्तुरा ताट घेऊन दारात आली तेव्हा गोम आजींच्या मनगटावर, बांगड्यांशी येऊन थांबली होती.

झटकले तर ती चावणार, हे कस्तुराला ठाऊक होते. किंचाळली तर आजी झटकणार, हेही. तिने ताट आवाज न करता खाली ठेवले.

"आजी, हात हालू नको."

"काय शे वं?"

"गोम शे. मनी पाळेल शे."

आजींचा हात दगडासारखा राहिला. कस्तुराने मला आडवे केले आणि माझे तोंड आजींच्या बोटांना टेकवले. आत काळोख होता, ओली माती होती. गोमीला दुसरे काय हवे असते? तिने मिशा हलवल्या. एकदा बांगडीखाली शिरली. कस्तुरा हलली नाही. मग गोम वळली आणि बोटांवरून एकेक पाय टाकत माझ्यात उतरली.

कस्तुराने दादरा बांधला आणि मग तिला रडू फुटले. आजींनी तिला चाचपत जवळ ओढले.

"तिनं नाव तरी काय शे?"

"मालगाडी."

"मंग मना हात म्हंजे टेसन झाया," आजी म्हणाल्या.

संध्याकाळी दोघींनी मिळून मालगाडीला विहिरीजवळ सोडले. पुन्हा ती कोणाला दिसली नाही.

झुलाल नाना पुढे मुलाकडे गेले, तिकडेच वारले. सुमनबाई आत्या अजूनही लोणच्याच्या बरणीत आधी वाकून बघतात. आजींनी लोणच्याच्या बरणीला लाल दोरा बांधला, तो त्या गेल्या त्या वर्षीपर्यंत, शहाण्णवपर्यंत होता. कस्तुरा धुळ्याच्या दवाखान्यात नर्स आहे. सुई टोचताना पोरांना म्हणते, हात हालू नको, आणि पोरे ऐकतात. मी तिच्या ओट्यावर असते, माझ्यात कोरफड लावली आहे.

मित्रांनो, जीव कोणताही पाळा, गोम पाळा हवी तर. त्याला गारवा द्या, अंधार द्या, हात लावू नका. पण घरातल्यांपासून लपवून पाळू नका. त्या दुपारी आजींना काही झाले असते, तर सगळ्यांनी दोष गोमीला दिला असता. तिची चूक मात्र काहीच नव्हती.