बिनआवाजाची वरात

कॉनीला लग्न करायचं होतं, ज्युलियसशीच करायचं होतं आणि बँडशिवाय करायचं होतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना पाली गावात कुणाची हरकत नव्हती.

बँड वाजला की तिच्या कानांत कुणीतरी पत्रा कापायला बसायचं. म्हणून गावातल्या प्रत्येक लग्नात नवरा-नवरी चर्चच्या पायऱ्या उतरायच्या आत ती विहिरीमागे पसार व्हायची. स्वतःच्या लग्नात ही सोय नव्हती. वरातीत नवरी लागतेच. तिनं चौकशी केली होती.

ज्युलियस स्वतः शेजारच्या डोंगरी गावच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, हा भाग वेगळा. एकाहत्तर साली तो कॉनीच्या घरचे बोंबील वाळत घालायला मदतीला आला होता. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, हे शेंबड्या पोरालाही येतं. पण कॉनीला जोडी सारख्या लांबीची लागायची. तिनं त्याच्या सगळ्या जोड्या एक शब्द न बोलता सोडवल्या. दुसऱ्या दिवशी तो पट्टी घेऊन आला. एवढ्यावर तिचं ठरलं.

"बँड न्हाय तर लोकांना मयत वाटंल, बाय," आई, म्हणजे मॉली, म्हणाली.

"मयताला नवरा चालत नाही," कॉनी म्हणाली.

ज्युलियसचा काका मोझेस बँडचा मुख्य होता आणि मोठा ढोलही त्याच्याच पोटावर असायचा. तो तर पाटावर बसल्या बसल्या खचला. "माझ्या पुतन्याच्या लग्नात बँड न्हाय? मी काय तोंड घेऊन येऊ?"

"हेच घेऊन या," कॉनीनं मनापासून सांगितलं.

शेवटी ज्युलियसच म्हणाला, "बँड येल. वाजनार न्हाय."

मोझेसनं दोन दिवस विचार केला. मग त्यानं एकच शंका काढली, "गानी कंची?"

"नेहमीचीच," ज्युलियस म्हणाला.

आठवडाभर तालीम झाली. शेजाऱ्यांनी पहिल्यांदाच तक्रार केली नाही.

लग्न लागलं आणि वरात ज्युलियसच्या घरी, डोंगरीला निघाली. पुढे अकरा जण गाल फुगवून, बोटं नाचवत, एकही सूर न काढता चाललेले. मोझेसची काठी ढोलाच्या कातड्यापासून चार बोटांवर येऊन थांबत होती. नाचणाऱ्यांना आधी काही सुधरेना; मग तेही काठीकडे बघून पाय उचलायला लागले. समोरून आलेल्या सायकलवाल्यानं उतरून आपल्या कानात करंगळी घालून पाहिली.

कॉनीनं सवयीनं कान दाबून धरले होते. अर्ध्या वाटेवर तिनं हात खाली घेतले. बँड एवढ्या जवळून तिनं कधी पाहिलाच नव्हता. कुणाचं बोट कधी उठतं, कोण कुणाची वाट बघतं, सगळं तिला लख्ख दिसत होतं. ती ज्युलियसला विसरून पुढे सरकली. तोही मुकाट मागोमाग आला.

दारात पोचल्यावर मोझेसनं ढोल उतरवून घाम पुसला. "कसा झाला, सूनबाय?"

"छान बोल," मॉली मागून कुजबुजली.

"दुसऱ्या गाण्यात तुम्ही दोनदा मागं पडलात," कॉनी म्हणाली.

मॉलीनं डोळे मिटून घेतले. मोझेस बोटांवर काहीतरी मोजत राहिला.

"तीनदा," तो म्हणाला. "ईस वरसं झाली, कुनाच्या ध्यानातच आलं न्हाय."

त्यानं दुसऱ्या गाण्यासाठी ढोल पुन्हा गळ्यात अडकवला. कॉनीनं त्याच्यासमोर खुर्ची ओढून घेतली.