झिपऱ्यांआड

दुधी मेली तेव्हा न्हाव्याने बोक्यावर खापर फोडलं. राखी मेली तेव्हा मात्र बोक्याला बोल लावायची सोय उरली नव्हती. मधल्या दहा दिवसांत त्याने परसाला चारी बाजूंनी आणि वरूनही अशी बारीक जाळी ठोकली होती की बोकाच काय, बोक्याची मिशीसुद्धा आत आली नसती. जाळी त्याने हातभर खोल जमिनीत गाडली होती. दाराला दोन कड्या होत्या. तरी सकाळी राखी खुराड्याच्या फळीखाली पडलेली सापडली, आणि तिच्या डोक्यावरच्या झिपऱ्यांमध्ये रक्त वाळलेलं होतं. दुधीचंही असंच होतं.

दोघी सिल्की जातीच्या कोंबड्या. ज्याने ही जात पाहिली नसेल त्याने पिंजलेला कापूस आठवावा आणि त्याला दोन पाय लावावेत. अंगावर पिसंच असतात, पण ती केसांसारखी मोकळी. त्यामुळे उडता येत नाही, उंच दांडीवर बसता येत नाही, आणि चार थेंब पडले तरी अंग भिजून काकडायला होतं. डोक्यावर एवढा मोठा झुबका की तो वाढला की थेट डोळ्यांवर येतो. स्वभावाने गरीब. उठसूट खुडूक होतात, आणि अंडी काढून घेतली तर रिकाम्या गवतावरसुद्धा आठ आठ दिवस बसून राहतात.

अशा सहा जणी न्हाव्याच्या बायकोने आणल्या होत्या. परसात आधीच चार लाल कोंबड्या होत्या, धिप्पाड आणि भांडखोर. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठीला ती फौजदारीण म्हणायची. "या गरिबांना त्या लालींमध्ये सोडणार?" असं न्हाव्याने तेव्हाच विचारलं होतं. ती म्हणाली होती, "मी आहे ना." आणि ती होती. झोपायची फळी तिने जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवली. पाण्याच्या भांड्यात गोटे घातले, म्हणजे कुणी तोंडावर पडलं तरी बुडायला नको. लालींना दाणे वेगळ्या कोपऱ्यात टाकायची. आणि दर दुसऱ्या रविवारी एकेकीला मांडीवर घेऊन डोळ्यांवर आलेलं पीस न् पीस कापायची.

या कामात तिने नवऱ्याला कधी हात लावू दिला नाही. चाळीस वर्षं दुकान चालवलेला माणूस तो! "तुमची गिऱ्हाइकं बोलतात," ती म्हणायची, "कान कापला तर ओरडतात तरी. या बिचाऱ्या काही बोलायच्या नाहीत. तुम्ही गप्पांच्या नादात डोळा काढाल."

"कोंबडीशी कसल्या गप्पा मारणार मी?"

"माराल. तुमचा काय नेम आहे."

तिला जाऊन सात महिने झाले होते. दवाखान्यातल्या औषधांनी तिचे केस गळायला लागले, तेव्हा एक दिवस ती स्वतःच परसातल्या धुण्याच्या दगडावर जाऊन बसली आणि म्हणाली, "उशीभर केस वेचत बसायचा कंटाळा आला. काढून टाका सगळे." न्हाव्याने तिच्या गळ्याभोवती दुकानातली चादर बांधली आणि मशीन फिरवलं. काम दहा मिनिटांचं होतं. त्याने पाऊण तास लावला. मग मानेवर ब्रशने पावडर लावली, रोज कुणालाही लावायचा तशी. ती म्हणाली, "आरसा नका दाखवू." तो दुकानाचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी त्याने शटर उघडलं नाही, आणि नंतरही नाही.

ती गेल्यावर त्याने घरातली एकही वस्तू हलवली नाही. कोंबड्यांचे दाणे, पाणी, गवत बदलणं हे सगळं तिच्याच पद्धतीने, तिच्याच वेळेला करत राहिला. एकच काम तेवढं केलं नाही. कात्री तिने ठेवली होती तशीच खिडकीत राहिली. जुनी पिसं झडली, नवी आली, दाट आली, आणि सिल्कींच्या डोळ्यांवर पडदे पडले.

दुसऱ्या महिन्यात त्याच्या एक गोष्ट लक्षात आली.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला सिल्की जिथे असतील तिथून निघायच्या. खुराड्याला धडकत, भांड्याला ठेचकाळत, चाचपडत त्या धुण्याच्या दगडापाशी जमायच्या. दगड आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत दाटीवाटीने उभ्या राहायच्या. आवाज नाही, खरवडणं नाही. माना वर आणि तोंडं दगडाकडे. पाच वाजता ती तिथे बसायची, पालेभाजी निवडत, देठं त्यांच्यापुढे टाकत. आता देठं नव्हती, कुणी बसलेलंही नव्हतं. तरी त्या जमायच्या. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर, जिला ती म्हातारी म्हणायची, मधूनच मान पुढे करायची आणि हळूच खाली घ्यायची. कुणी डोक्यावरून हात फिरवावा तशी.

न्हावी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून बघायचा. पहिल्या दिवशी त्याच्या अंगावर काटा आला. नंतर तो पाच वाजायची वाट बघायला लागला.

तो काही भोळा माणूस नव्हता. पण सात महिने एकट्याने काढल्यावर माणूस स्वतःशीच हिशेब मांडायला लागतो. लाली डोळे उघडे ठेवून हिंडत, त्यांना दगडापाशी कुणी दिसत नव्हतं. त्यालाही दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त डोळे झाकलेल्यांना. एका संध्याकाळी त्याने दुकानातली चादर आणली, डोक्यावरून ओढून घेतली आणि पायरीवर बसला. आधी स्वतःचाच श्वास ऐकू आला. मग धुतलेल्या सुती कपड्याची सळसळ, अगदी जवळून. मग मानेवर मागच्या बाजूला काहीतरी गार आणि मऊ फिरलं, पावडरच्या ब्रशासारखं. त्याने चादर काढली नाही. अंधार पडेपर्यंत तसाच बसून राहिला.

त्यानंतर त्या झिपऱ्यांना कात्री लावणं म्हणजे काय, हे त्याला पक्कं ठाऊक झालं. त्यांना दिसायला लागलं की त्यांना ती दिसायची नाही.

राखी गेली त्या दिवशी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण. बेकरीत भट्टीवर कामाला होती, कामाची पाळी संपली की हाताला पीठ तसंच घेऊन यायची, सोबत शिळ्या पावाची पिशवी. तिने परसात नजर फिरवली.

"दाजी, तुरुंग बांधलाय की काय? आता फक्त शिट्टी मारणारा शिपाई हवा."

"दोन मेल्या. काहीतरी आत येतंय."

"कुठून येणार? मुंगीला परवाना काढावा लागेल." ती खाली बसली. तेवढ्यात म्हातारी तिच्या गुडघ्याला येऊन धडकली, थबकली आणि दुसऱ्या दिशेला गेली. मेहुणीचं हसू मावळलं. "अहो, हिला दिसतं तरी का?"

"दिसतं."

"काय दिसतं? मी एवढी मोठी, भिंतीएवढी बाई दिसली नाही." ती उठली, खिडकीतून कात्री उचलून आणली. "आणा इकडे तिला. ताईने बघितलं असतं तर तुम्हाला आधी भादरलं असतं."

"ठेव ती."

"दोन मिनिटांचं—"

"ठेव म्हणतो ना!"

न्हाव्याचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. त्याने तिच्या हातातून कात्री हिसकावून घेतली. तिच्या अंगठ्याला ओरखडा गेला. तिने अंगठा पदराला पुसला.

"तुमची बायको तीस वर्षं होती," ती म्हणाली. "माझी बहीण त्याच्या आधीपासून होती. तुम्ही एकटेच मागे राहिला नाहीत." पावाची पिशवी पायरीवर ठेवून ती निघून गेली.

चार दिवसांनी भर दुपारी त्याला काजळी सापडली. ही काळी, वयाने सगळ्यात लहान. जिवंत होती, पण मान एका बाजूला पिळल्यासारखी वळली होती आणि ती जागच्या जागी गोल फिरत होती. डोक्यातून रक्त येत होतं. जाळी शाबूत, दोन्ही कड्या लागलेल्या. त्याने तिला टोपलीत घातलं, वरून फडकं टाकलं आणि जवळजवळ पळतच जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई कमी बोलणारी होती. तिने कापसाने रक्त पुसलं, झिपऱ्या दोन बोटांनी बाजूला केल्या आणि दिवा जवळ घेतला.

"तान्ह्या बाळाची टाळू बघितली असेल तुम्ही."

"हो."

"यांच्यात पुष्कळ जणींची टाळू जन्मभर भरत नाही. हाडाला मध्येच भोक असतं, वर नुसती कातडी. जोरात बसलेली एक चोच पुरते."

"घारीची? वरूनही जाळी आहे, बाई."

"घार असती तर ही तुमच्या टोपलीत नसती. ही कोंबडीचीच चोच आहे. यांच्याबरोबर दुसऱ्या मोठ्या जातीच्या आहेत?"

"चार लाली आहेत."

"म्हणजे बाहेरून कुणी येत नाहीये. तुम्ही यांना मारणाऱ्यांबरोबर आत कोंडलंय. मोठीने दटावलं की बाकीच्या बाजूला होतात, यांना ती येताना दिसतच नाही. झिपऱ्या कोण कापतं?"

"बायको कापायची."

डॉक्टरीणबाईने कपाट उघडलं. औषधाची बाटली दिली, घरात वेगळ्या खोक्यात उबेला ठेवायला सांगितलं. "जगली तर मान हळूहळू सरळ होईल. उरलेल्यांच्या डोळ्यांवरचं आजच काढा. आणि मध्ये कुंपण घाला."

आज नाही, तो मनात म्हणाला. आजचा एक दिवस. पाच वाजले की एकदा बघतो आणि मग उद्या.

काजळीला खोक्यात ठेवून तो पायरीवर न बसता या खेपेला परसात उतरला आणि भिंतीकडेला, दगडाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. इतके महिने त्याने हे फक्त पायरीवरून बघितलं होतं; तिथून दगडाच्या वर फक्त त्यांच्या माना दिसायच्या, फटीच्या तोंडाशी कोण येतं ते नाही. पाच वाजले. तिघी चाचपडत आल्या, दगड आणि भिंतीच्या फटीत शिरल्या. माना वर झाल्या. आणि त्यांच्या मागून, पाय न वाजवता, फौजदारीण आली.

तिने म्हातारीच्या मागे उभं राहून घशातल्या घशात एक आवाज केला. म्हातारीने मान पुढे केली आणि हळूच खाली घेतली. तीच. तशीच. पायरीवरून ज्या मान खाली घेण्यात त्याने बायकोचा हात पाहिला होता, ती मार चुकवायची धडपड होती. चोच कुठून येणार हे म्हातारीला दिसत नव्हतं, एवढंच ठाऊक होतं की येणार. फौजदारणीने मान मागे ओढली आणि न्हाव्याने झेप घेतली. टोला त्याच्या मनगटावर बसला, रक्त आलं.

रोज पाच वाजता तो पायरीवर बसून हे बघत होता. आवडीने बघत होता.

त्याने मेहुणीला फोन लावला. "येतेस का? एकीला धरायला कुणीतरी हवं."

"अंगठा बरा आहे माझा, विचारल्याबद्दल उपकार," ती म्हणाली, आणि अर्ध्या तासात आली.

त्याने दुकान उघडून स्वतःची कात्री आणि बारीक कंगवा आणला होता. मेहुणीने म्हातारीला पदराआड मांडीवर धरलं. न्हाव्याने तीच पिसं कंगव्याने पुन्हा पुन्हा विंचरली. चाळीस वर्षांत एवढा वेळ त्याने फक्त एकदा लावला होता.

"बोला काहीतरी," मेहुणी म्हणाली. "दुकानात गप्प बसून कापत होता का?"

"काय बोलू?"

"गिऱ्हाइकाला काय विचारायचा?"

"बारीक करू, की नुसते सारखे?" तो म्हातारीला म्हणाला. मेहुणी हसली आणि हसता हसता रडायला लागली, पण तिने कोंबडीवरची पकड ढिली केली नाही.

तिघींचं झालं. पायाशी पिंजलेल्या कापसासारखी पांढरी, करडी पिसं पडली. त्याने तोंडात खिळे धरून त्याच संध्याकाळी परसाच्या मध्ये कुंपण घातलं, लाली त्या बाजूला, सिल्की या बाजूला. मेहुणी फळ्या धरून उभी होती. जाताना ती दारात थांबली. "दाजी, त्यांना ताई दिसत होती असं वाटत होतं का तुम्हाला?"

त्याने मान हलवली. हो की नाही ते तिला कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी काजळीने खोक्यात थोडं पाणी घेतलं. मान अजून वाकडीच होती. पाच वाजता न्हावी परसात जमिनीवर बसला. तिघी बाहेर आल्या. एकीने कशालाही न धडकता सरळ दगडापर्यंत जाऊन त्याच्याकडे पाहिलं, दगडाकडे बघावं तसं, आणि वळून कुंपणाखाली माती उकरायला गेली. दुसरी तिच्या मागे गेली. त्या दगडापाशीच का जमायच्या, हे त्याला कधी कळायचं नव्हतं. तिथे आता कुणी नव्हतं. त्याने मानेवर हात ठेवला. मान कोरडी होती, उन्हाने तापलेली.

म्हातारी त्याच्या पुढ्यात येऊन थांबली. त्याच्या हाताचे दाणे तिने सात महिने खाल्ले होते, आवाज ओळखत होती, वासही ओळखत असेल. तिने तोंड वर केलं. दोन काळे, ओले डोळे त्याच्या चेहऱ्यावर ठरले, आणि ती दचकून दोन पावलं मागे सरकली. एवढा मोठा, दाढी वाढलेला माणूस.

न्हाव्याने हात पुढे केला नाही. तिने एक डोळा फिरवून पाहिलं, मग दुसरा. तो हलला नाही. हलला असता तर ती पळाली असती.