रिकामा खिळा

आमच्या मराएवरच्या, म्हणजे कुळानं एकत्र जमायच्या आवारातल्या मोठ्या घरात, भिंतीवर फक्त गेलेल्यांचे फोटो लागतात. त्या भिंतीवरचा एक खिळा माझ्या जन्माआधीपासून रिकामा होता. तो रावीरींचा, म्हणजे पाएआ आत्याच्या आजोबांचा. एकोणीसशे एकतीसच्या भूकंपात नेपियरच्या बंदरावर ते गेले. देह मिळाला नाही, आणि त्यांचा एकुलता एक फोटो शहरातल्या स्टुडिओबरोबर जळाला.

आत्या थकली होती. आपला फोटो त्या भिंतीवर जाण्याआधी आजोबा तिथं यावेत, एवढंच तिचं मागणं होतं.

संग्रहालयानं शहराचे जुने फोटो वेबसाइटवर टाकले, तेव्हा मी टॅब घेऊन तिच्याकडे बसू लागले. भूकंपाआधीचं नेपियर आम्ही गल्लीगल्लीनं पालथं घातलं. आज विमानं उतरतात तिथं, भूकंपानं जमीन वर उचलण्याआधी, पाणी होतं, होड्या होत्या.

आत्या वैतागायची. "टोपीवाले गोरेच दाखवतेस नुसते. आपली माणसं काय सुट्टीवर होती?"

एका दुपारी लोकरीच्या गठ्ठ्यावर बसलेला एक तरुण दिसला. खाली लिहिलं होतं : बंदरावरचा कामगार, नाव माहीत नाही.

"कान बघ त्याचे," आत्या म्हणाली.

"आत्या, कान सगळ्यांनाच असतात."

"असे नसतात. आरशात बघ जरा."

खरंच, सुपासारखे आमचेच कान. आणखी कुणाला विचारायचं आम्हाला सुचलंही नाही. वेबसाइटवर त्या फोटोखाली मीच रावीरींचं नाव लिहिलं. फोटो छापून, चौकट करून आणला. देह आजच घरी आल्यासारख्या सगळ्या बायका रडल्या. आत्या त्याचे गाल कुरवाळत रागावत होती, "एवढा उशीर करतात का हो?"

वर्षभरानं वायरोआहून वीरेमू नावाच्या म्हाताऱ्यांचा फोन आला. आवाजात राग अजिबात नव्हता. "पोरी, तू नाव लिहिलंयस तो माझा मामा, पारातेने. त्याच्या लग्नातला फोटो आहे आमच्याकडे. त्याला न्यायला येतो आम्ही."

ते आले. दाराशी त्यांना बघून आत्या माझ्या कानात पुटपुटली, "याचेही कान बघ." मला हसू आलं.

"राहू दे हवं तर," वीरेमू म्हणाले. "तुम्ही रडलात त्याच्यासाठी."

"नको. तुमच्याकडेही खिळा असेल."

आत्यानं स्वतःच्या हातानं फोटो उतरवला. गाडी गेल्यावर मात्र ती त्या भिंतीखाली बसली. "मला वाटलं होतं, भेटले," एवढंच म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडली. माझा, माझ्या त्या घाईचा मला फार राग आला.

त्याच हिवाळ्यात आत्या गेली. शवपेटीभोवती आम्ही रीतीप्रमाणे भिंतीवरच्या सगळ्यांचे फोटो मांडले. तिच्या उशाशी थोडी जागा सोडली. ती रावीरींची.

दुसऱ्या दिवशी दाराशी पाहुण्यांना आत बोलावणारी बायकांची हाक उठली. वायरोआची माणसं आली होती. पुढे वीरेमू, छातीशी पारातेनेचा फोटो धरून.

"वर्षभर हिनं याला घरचं मानलं," ते म्हणाले. "आज हा हिला पोचवायला आलाय."

आणि त्यांनी तो फोटो तिच्या उशाशी, आम्ही सोडलेल्या जागेत ठेवला.