भिंतीवरचं गोल बटण

नकाशांच्या कचेरीत थंड हवेच्या यंत्राचं गोल बटण भिंतीवर बसलं आणि आठवड्याभरात दोन पक्ष झाले. खिडकीकडचे गारवाले, दाराकडचे ऊबवाले. बटण ज्याच्या हाती, राज्य त्याचं.

हेडक्लार्क बाई ऊबवाल्या, त्यांची नणंद गारवाली. बारा वर्षं दोघी एकाच स्कूटरवर येत, एकाच डब्यातून जेवत. आता डबे दोन झाले होते. स्कूटर तेवढी एक उरली होती, पण तिच्यावरही मध्ये पर्स ठेवलेली असे.

बाईंनी बटण उबेकडे वळवून त्यावर पेन्सिलीची बारीक रेघ मारली होती. रोज जेवून येईपर्यंत रेघ सरकलेली! समोर नणंद मुकाट्याने नकाशातल्या नद्या निळ्या रंगवत बसलेली. इतकी शांत? नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय.

"वन्सं, बटणाला हात कुणी लावला?"

"मला काय विचारता, वहिनी? सकाळी मी लावलेला शाईचा ठिपका तुमच्याकडे सरकलाय."

"म्हणजे माझ्यावर पाळत?"

"आणि तुमची रेघ काय शोभेला आहे?"

आरडाओरडा ऐकून वायरमन आला. भला माणूस. त्याने मान खाजवली.

"बाई, हे बटण कशालाच जोडलेलं नाही हो. यंत्र गच्चीवरून चालतं. तुम्ही सगळे रोज माझं डोकं खायचात, म्हणून मीच हे बसवलं. तेव्हापासून एक तक्रार नाही."

दोन स्क्रू काढून त्याने बटण बाईंच्या हातात दिलं. मागे कोरी भिंत.

नणंद आधी हसली. "अगंबाई! महिनाभर आपण भिंतीसाठी भांडलो की! चला वहिनी, डबा काढा."

बाईंचंही हसू ओठांपर्यंत आलं होतं. पण गेल्या मंगळवारी त्यांनी स्वतः बटण फिरवलं होतं, आणि पाच मिनिटांत त्यांना चक्क घाम फुटला होता. तो घाम काय खोटा?

हसू त्यांनी गिळलं. भिंत निरखली. वायरमनकडे पाहिलं, मग नणंदेच्या फुगलेल्या पर्सकडे.

"बरं," त्या थंडपणे म्हणाल्या, "मग तारा काढल्या कुणी?"

त्या संध्याकाळी स्कूटरच्या रिकाम्या मागच्या सीटवर पर्स ठेवायला ऐसपैस जागा होती.