सोफा झालेली सीट

मी एक सीट आहे, बाइकची. माणसं टाकी चमकवतात, आरसे पुसतात आणि माझ्यावर नुसती बसतात. तक्रार नाही, जन्मच त्यासाठी. पण आज चार शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझे मालक श्रीपादराव अंबरनाथच्या एका कारखान्यात साहेब. राहायला बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. संगमनेरच्या लेकीला, चैत्रालीला, ते फोनवर सांगून बसले, "तुझ्या आईला घेऊन एका दमात येतो बघ. खाली पाय न टेकता!"

म्हणून मला उल्हासनगरला नेलं. कारागीर म्हणाला, "साहेब, एकदम सोफा बनवून देतो. मख्खन!"

"सोफाच कर."

मऊ फोम भरला आणि मीही फुगले.

मग साहेबांचा सराव सुरू झाला. पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर लावायची आणि माझ्यावर बसून मोबाइलवर क्रिकेट बघायचं! वर शेजाऱ्यांना सांगायचं, "बैठक पक्की करतोय." मला हसावं की रडावं कळेना.

निघालो, तेव्हा मुरबाडपर्यंत मजा होती. मग माझा फोम दबला आणि दोघांना खालचा कडक तळ टोचू लागला. माणसाच्या मनातलं मला कळत नाही, पण भार कळतो. साहेब आधी डावीकडे सरकले, मग उजवीकडे, मग सरकायचेच थांबले. मागे चैत्रालीची आई, वृंदाताईही तशाच, ओठ मिटून. टोकावड्याची चहाची टपरी आली आणि गेली. अहो, थांबा ना! पण सीटचं ऐकतो कोण?

माळशेज घाटात पुढचा ट्रक एकदम थांबला. साहेबांनी ब्रेक दाबून डावा पाय टेकला, पण पायात जीवच नव्हता. गुडघा मुडपला. गाडी कलंडली. मागून एसटी येत होती. वृंदाताईंनी कशीबशी उडी मारली आणि मागचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. एसटी करकचून हातभर अंतरावर थांबली. माझा तर जीवच गेला होता.

"मुरबाडपासून पाय बधिर होता," साहेब पुटपुटले.

"मग बोलला का नाहीत?"

"तूही काही बोलली नाहीस."

"तुमचा हिरमोड नको म्हणून गप्प बसले! मरायची वेळ आली अहो, तरी आपलं एकमेकांची हौस सांभाळणं चाललंय." त्यांनी पिशवी उचलली आणि त्याच एसटीत चढल्या.

संगमनेरपर्यंत साहेब जागोजागी उतरले, चालले, पाणी प्यायले. पण बोलायला कोणी नव्हतं. त्यानंतर वृंदाताई माझ्यावर बसल्याच नाहीत. मला फार लागलं ते.

आज पुन्हा उल्हासनगर. साहेब बाइकने आले, वृंदाताई रिक्षाने. माझं रेक्झिन उसवलंय, आता घट्ट फोम भरतील. बाबांनो, जाता जाता एवढंच सांगते: पायाला मुंग्या आल्या की तोंड उघडा आणि खाली उतरा. रस्ता कुठे पळून जात नाही.

कारागिराने विचारलं, "साहेब, मागचं राहू दे ना? एकटेच जाता आता."



स्टुलावर बसलेल्या वृंदाताई उठल्या. म्हणाल्या, "मागचंही करा. आणि शिवायच्या आधी मला बसून बघू द्या."